पिठल्याला तीन तारे

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलाने बंगळूरहून आम्हा दोघांचं एका थीम पार्कच्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचं बुकिंग केलं. माझं वय त्रेसष्ट, बायकोचे दोन्ही गुडघे दुखरे, आणि पाठवलं कुठे, तर जिथे लोक पैसे देऊन उलटे लटकतात. मी फोनवर म्हटलं, "अरे, आम्ही तिथे करायचं काय?" तो म्हणाला, "पापा, वहाँ कितने सारे रेस्टॉरंट हैं. आप खाओ और बुराई करो. आपको और क्या चाहिए?" त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. बोलला त्यात खोटं काही नव्हतं.

नावं ठेवणं हा माझा पेशाच होता. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात मी सगळी नोकरी लॅबमध्ये काढली. सँपल यायचं, मी तपासायचो, खाली लिहायचो पास किंवा रिजेक्ट. रिजेक्ट लिहिताना मी कधी दोनदा विचार केला नाही. रिटायर झाल्यावर सँपल यायचं थांबलं आणि मला घरात करमेना. तेव्हा कोणीतरी मला मोबाइलवरचं ते नकाशाचं अ‍ॅप दाखवलं, ज्यात कुठल्याही हॉटेलाला तारे देता येतात आणि खाली चार ओळी लिहिता येतात. मग काय, आमच्या समता कॉलोनीतल्या समोसेवाल्यापासून नव्या रायपूरच्या बड्या हॉटेलांपर्यंत मी कोणालाही सोडलं नाही. पाच तारे मी आजवर कोणाला दिले नाहीत. चार एकदा दिले होते, एका उसाच्या रसवाल्याला. घरी आल्यावर पश्चात्ताप झाला आणि त्याचे तीन केले.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. माझे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले. त्यांनी आयुष्यात कधी जेवणाला चांगलं म्हटलं नाही. चांगलं म्हटलं की करणाऱ्याच्या हाताला नजर लागते असं त्यांना वाटायचं, किंवा म्हणायला जिवावर यायचं, दोन्ही असेल. जेवण मनासारखं झालं असलं की ते म्हणायचे, "मीठ जरा कमी आहे," आणि ताट पुढे करायचे. आई लगेच आणखी एक पळी वाढायची. "बरं आहे" म्हणाले तर समजायचं की बिघडलं आहे, आणि काहीच बोलले नाहीत तर आई स्वतःच ते गाईला घालायची. मीही तेच उचललं. लग्न झाल्यावर दोनतीन महिन्यांत बायकोही ही भाषा शिकली, असा माझा पस्तीस वर्षं समज होता.

तर आम्ही थंडीत गेलो. नव्या रायपूरच्या पलीकडे, जिथे रस्ते सहा पदरी आहेत आणि बस दिवसातून कधीतरी दिसते, तिथे शेतांच्या मधोमध हे पार्क उभं केलेलं आहे. दारात फायबरचा डायनासोर. दर दहा मिनिटांनी तो डरकाळी फोडतो, आणि ती आमच्या जुन्या मिक्सरमध्ये खोबरं अडकलं की व्हायची तशी ऐकू येते. आत डाव्या हाताला इजिप्तचा पिरॅमिड, उजव्या हाताला समुद्री चाच्यांचं जहाज, मध्ये इटलीचा राजवाडा. म्हणजे या गावात जे कधी नव्हतं ते सगळं आहे.

पहिलं जेवण पिरॅमिडमध्ये. तिथे मुगलाई जेवण मिळतं. इजिप्तच्या राजाच्या पोटात मुगलाई का, हे मी वेटरला विचारलं. त्याच्या डोक्यावर सोनेरी नाग होता, कमरेला लुंगीसारखं काहीतरी होतं आणि त्याला थंडी वाजत होती. तो म्हणाला, "सर, थीम है." आत इतका अंधार की बायकोने मोबाइलचा टॉर्च लावून वाटीत काय आहे ते बघितलं. पनीर होतं. त्याच्या वरचा रस्सा गोड होता, आणि गोड म्हणजे साखर घातलेला गोड. मी एक तारा दिला आणि लिहिलं की या पिरॅमिडमध्ये काय पुरलं आहे ते मला आता कळलं आहे, त्याचं नाव चव.

चारचं खाणं जहाजावर. जहाज पाण्यात नाही, सिमेंटवर आहे, पण खाली मशीन लावून ते हलवतात. चायनीज सूप मागवलं तर ते निम्मं बशीत, उरलेलं बायकोच्या साडीवर. वाढणाऱ्याच्या एका डोळ्यावर काळी पट्टी. चाचे तसेच असतात म्हणे. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही हे मालकाला कोणी सांगितलं नसावं, कारण त्याने नूडल्सची प्लेट टेबलाच्या कडेवर ठेवली आणि ती गेली खाली. त्यालाही एक तारा. इटलीच्या राजवाड्यात गुडघाभर पाण्यात होडी आणि ताटात केचपात बुडवलेला पास्ता. एक तारा, तोही पाणी स्वच्छ होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही 'गाव'मध्ये गेलो. 'गाव' म्हणजे प्लास्टरच्या भिंतीवर शेणाचा रंग दिलेलं रेस्टॉरंट, आत निरनिराळ्या प्रांतांचे काउंटर. छत्तीसगडच्या काउंटरवर बासी होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा, ती बासी. आमच्या कॉलोनीतल्या बांधकामावरचे मजूर ती डब्यातून आणतात आणि वाळूच्या ढिगावर बसून खातात. इथे ती लांब दांड्याच्या काचेच्या ग्लासात होती, वर पुदिन्याचं पान, आणि देणारा आधी दोन मिनिटं आरोग्यावर बोलत होता. मी म्हटलं, "भैया, ये बासी है?" तो म्हणाला, "हव सर, एकदम ताज़ी." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून दोन तारे दिले. एक वाक्याचा.

शेवटच्या कोपऱ्यात महाराष्ट्राचा काउंटर होता. पाटीवर 'महाराष्ट्रियन पिठला' असं लिहिलं होतं. आमच्याकडे त्याला बेसनच म्हणतात. पाटीच्या मागे पन्नाशीची एक बाई लोखंडी कढईत ढवळत होती. रिसॉर्टने तिला नऊवारी नेसवली होती आणि नाकाला चिकटवायची नथ दिली होती. वाफेने नथ सुटत होती, म्हणून ती एका हाताने ढवळायची आणि दुसऱ्या हाताने नथ धरायची. माझ्या डोक्यात लिहायचं वाक्य तयारही झालं होतं.

"भैया, पतला दूँ कि गाढ़ा?" तिने विचारलं.

बायको म्हणाली, "पातळच द्या. आन् भाकर ज्वारीची आहे न?"

बाईने नथ काढून पदराला लावली. "अवो माय, आपलेच हाय न तुम्ही. बसा. दोन मिनिट थांबा, तुमच्यासाठी ताजी टाकतो भाकर."

तिचं माहेर यवतमाळकडचं. लग्न होऊन रायपूरला आली, आधी लोकांकडे स्वयंपाक करायची, आता इथे. हे सगळं तिने भाकरी थापता थापता बायकोला सांगितलं. मीठ तिने डब्यातून मुठीने उचललं, बोटांतून सोडलं आणि उरलेलं परत डब्यात टाकलं. चाखून बघितलं नाही. मी लॅबचा माणूस, मला हे दिसतं.

पहिला घास घेतला आणि डोक्यातलं ते वाक्य विसरलो. लसूण किंचित जळलेला, जेवढा जळायला हवा तेवढाच. हिरवी मिरची आधी कळत नव्हती, मागाहून येत होती. असं बेसन मी आई गेल्यावर खाल्लं नव्हतं. मला खरंच भरून आलं, आणि त्या प्लास्टरच्या गावात, डायनासोरच्या डरकाळ्या ऐकत भरून यावं याचा मला रागही आला. मी बायकोला म्हटलं, "मीठ जरा कमी आहे," आणि उठून ताट घेऊन काउंटरवर गेलो. असा तीनदा गेलो.

खोलीवर येऊन आडवा झालो आणि मोबाइल काढला. बाकी सगळ्यांची पिसं काढून झाली होती. हिच्याबद्दल मी हिंदीत लिहिलं, कारण तिथले लोक हिंदी वाचतात: 'गाँव, महाराष्ट्र काउंटर. पिठले में नमक थोड़ा कम था. बाकी चलेगा.' आणि तीन तारे दिले. सगळ्या पार्कात सगळ्यात जास्त. 'मीठ कमी' ही स्तुती तर आजवर घराबाहेर कोणाच्याच वाट्याला आली नव्हती. लिहून झाल्यावर हलकं वाटलं आणि मला छान झोप लागली.

त्यानंतर थंडी गेली, होळी गेली, आणि मला त्या बेसनाची आठवण काही सुटेना. घरी बायको करत होती. मी तिला म्हणायचो, "तिच्यासारखं नाही होत." बायको ताट उचलायची. शेवटी एप्रिलमध्ये मी म्हटलं, चल, पार्कात जाऊन येऊ, सीनियर सिटिझनला तिकिटात सूट आहे. ती म्हणाली, "काहून? झुल्यात बसाचं आहे का आता?" पण आली.

उन्हात डायनासोरचा रंग उडाला होता. आम्ही सरळ 'गाव'मध्ये गेलो. कोपऱ्यात तीच पाटी, तिच्यावर नवा कागद चिकटवलेला: 'लाइव पास्ता'. कढईच्या जागी काचेची शेगडी. एक जण टोपी घालून पास्ता परतत होता. बाई नव्हती.

मी मॅनेजरला बोलवा म्हटलं. तिशीतला, कानात फोनचं यंत्र, बोलताना सतत हसणारा. मी विचारलं, पिठल्याचा काउंटर कुठे गेला. त्याने विचारलं, सर आप पहले आए थे? मी नाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

"सर, आप ही हैं वो? आपने तो हमारी बहुत हेल्प की."

मला क्षणभर छाती फुगल्यासारखं झालं. मला वाटलं, पिरॅमिडातली साखर कमी झाली असेल.

"बाकी रिव्यू तो आपके… मतलब, अच्छे थे, हम सबने पढ़े, बहुत हँसे," तो म्हणाला. "लेकिन उन पर ऐक्शन क्या लें, सर? पिरामिड तो तोड़ नहीं सकते. ये नमक वाला क्लियर था. हमने तुरंत ऐक्शन लिया."

"काय अ‍ॅक्शन घेतली?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्याला कळलं.

त्याने सांगितलं ते असं. माझा अभिप्राय त्याने मोठ्या अक्षरात छापला, प्लास्टिकमध्ये घातला आणि त्या बाईच्या शेगडीमागच्या भिंतीवर चिकटवला. मीठ वाढवायला सांगितलं. बाईने वाढवलं. मग लोक खारट म्हणू लागले. तो म्हणाला, कन्सिस्टन्सी नहीं आ रही थी, सर. तर होळीच्या सुमारास काउंटर बंद करून पास्ता लावला आणि बाईला स्टाफच्या मेसमध्ये पाठवलं. "पास्ता में कंप्लेंट नहीं आती," तो म्हणाला, "किसी को पता ही नहीं होता कैसा होना चाहिए."

त्या हसऱ्या माणसाच्या कानातलं यंत्र उपटून सुपात टाकावं असं मला वाटलं. पण कागदावरचं वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. मी त्याला म्हटलं, मला त्या बाईंना भेटायचं आहे.

मेस पिरॅमिडच्या मागे आहे. समोरून दगडासारखा दिसणारा पिरॅमिड मागून नुसता पत्रा आहे. पत्र्याखाली लांब बाकं, बाकांवर नाग काढून ठेवलेले दोन राजे आणि पट्टी कपाळावर सरकवलेला एक चाचा भात खात होते. बाई मोठ्या पातेल्याशी उभी होती. साधी साडी, नथ नाही.

"ओळखलं का?" बायकोने विचारलं. "थंडीत आलो होतो आम्ही. तुम्ही ताजी भाकर टाकली होती. यांनी तीनदा बेसन घेतलं होतं."

"हो न, आठवते न," ती म्हणाली. "तीनदा घेनाऱ्याले इसरत नाही मानूस. बसा, वहिनी. आजही बेसनच हाय, पोट्टे मागतात कधी कधी." आणि मग पळी ठेवून म्हणाली, "तुम्ही गेले, आन् त्याच्यानंतरच ते मिठाचं आलं पाहा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बाकाकडे पाहिलं.

"कोन्या मानसानं मोबाइलमंदी लिवलं, का मीठ कमी हाय," बाई सांगू लागली. "आता इथं लोक कायबी म्हनते. बेसनावर सॉस टाकून खाते, त्याइचं काय मनावर घ्याचं. पन सायबानं नाव वाचून दाखवलं, तं आपलं मराठी नाव. मी म्हनलं, हा आपला मानूस हाय, याले समजत असन. माह्याच हाताचं काही चुकून राहिलं असन. मंग वाढवलं चिमूटभर. मंग अजून वाटे, कमी तं नाही पडलं? वीस वर्षं झाली, मी चाखून नाही पाहिलं कधी. हात जाये अन् थांबे. आता तीनदा चाखावं लागते, अन् तरी भेव वाटते."

होळीनंतर तिला काउंटरवर कायम करणार होते, तेही तिने सांगितलं. आता मेसमध्ये रोजीवर होती. तक्रारीचा सूर नव्हता. पळी हातात घेऊन तिने दोन वाट्या भरल्या आणि आमच्यासमोर ठेवल्या.

"तुम्ही जुनं खाल्लेलं हाय," ती मला म्हणाली. "सांगा बरं, आता मीठ बरोबर हाय का."

मी घास घेतला. खारट होतं. थोडंथोडकं नाही, जिभेला झोंबेल इतकं. लसूण तसाच, मिरची तशीच, आणि त्यावर सगळं झाकून टाकणारं मीठ. माझ्या तोंडाशी 'चालतं' आलं होतं. आयुष्यभर जिथे खोट नव्हती तिथे मी खोट काढली होती, आणि आता समोर खरी खोट होती तर मला ती सांगायची हिंमत होत नव्हती. बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी लॅबमध्ये असतो तर एका शब्दात मोकळा झालो असतो.

"जास्त झालं आहे," मी म्हटलं. "बरंच जास्त. आधी होतं तेच बरोबर होतं."

"अस्सं," ती म्हणाली. "पन त्या मानसानं तं कमी म्हनलं होतं."

"तो माणूस मीच आहे."

पलीकडे एका राजाने भात मागितला, तो तिने वाढला आणि परत आली.

"तवा कमी होतं का मंग?"

"नाही. एकदम बरोबर होतं. असं बेसन मी आई गेल्यावर खाल्लं नव्हतं."

"मंग काहून लिवलं तसं?"

माझं उत्तर त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला शोभणारं नव्हतं. जे होतं ते दिलं. "आमच्याकडे आवडलं की तसं म्हणतात. माझे वडील म्हणायचे."

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही, आणि ते जास्त लागलं.

"आमच्या घरीबी म्हनते," ती म्हणाली. "माहा मालक रोज म्हनते. पन ते घरात म्हनते, भाऊ. घरात बाई समजून घेते. इथं म्यानेजर असते."

मी खिशातून मोबाइल काढला. म्हटलं, आत्ता लिहितो, पाच तारे देतो, तुमचं नाव घालून लिहितो, त्याला तो काउंटर परत लावायला सांगतो. तिने पदराने हात पुसला आणि माझा मोबाइल धरलेला हात हळूच खाली केला.

"राहू द्या, भाऊ. आता काही लिवू नका."

मी मोबाइल ठेवून दिला. वाटीतलं सगळं बेसन खाल्लं, खारट तसंच. बायकोनेही खाल्लं, आणि रिकामी वाटी बाईच्या हातात देताना माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, "समजून नाही घेत हो ताई घरातही कोणी. ऐकून घेते."